मुद्दा चौथा : काही नको

नववी ब मध्ये कुणी शिंकलं तरी ते जिबेकच्या वहीत जायचं. शिंक कुणाला आली, कितीच्या तासाला आली आणि तिच्याबद्दल वर्गाने काय ठरवलं, सगळं. वही शहाण्णव पानांची, हिरव्या पुठ्ठ्याची. प्रत्येक पानाला आकडा, आकड्याला चौकट, चौकटीला लाल रेघ. जिबेक वर्गाची प्रमुख होती, सलग दुसऱ्या वर्षी, आणि तिचा एक कायदा होता: वहीत आहे ते घडलं, वहीत नाही ते घडलंच नाही. तेरेक-सू गावच्या शाळेतल्या पोरांनी हा कायदा मुकाट्याने मान्य केला होता, कारण वाद घातला तर तोही वहीत जायचा.

हा रोग तिला उन्हाळ्यात जडला. जिल्ह्याच्या गावी भावी नेत्यांसाठी तीन दिवसांचं शिबिर होतं आणि राजधानीहून एक बाई शिकवायला आल्या होत्या. पहिले दोन दिवस टिपणं कशी घ्यायची ते, आणि तिसऱ्या दिवशी दुसऱ्याच्या मनातलं कसं ओळखायचं ते. तिसऱ्या दिवशीचं भाषण इतकं रंगलं, की जिबेकच्या शेजारची मुलगी घरची आठवण येऊन तासभर मुसमुसत होती. जिबेकला ते कळलं नाही. ती लिहीत होती. 'दुसऱ्याच्या भावना ओळखण्याच्या सात पायऱ्या' तिने सातही, शब्दाला शब्द, उतरवून घेतल्या आणि सर्वोत्तम टिपणांचं प्रमाणपत्र काखोटीला मारून घरी आली.

तेव्हापासून वर्गात काम चोख व्हायचं हे मात्र मान्य करायला हवं. फळा कोण पुसणार, कुंड्यांना पाणी कोण घालणार, बटाटे काढायला कुठल्या ओळीत कोण उभं राहणार, कशाचा घोळ म्हणून नाही. घोळ घालायचा तो एकटा नुरतिलेक. हा शेवटच्या बाकावरचा नग. अक्षर कावळ्याच्या पायासारखं, पण नकला अशा करायचा की मुख्याध्यापक आगाय, म्हणजे मोठे सर, एकदा स्वतःचाच आवाज ऐकून वर्गाबाहेर थबकले होते. सप्टेंबरात तो एकदा जिबेकच्या घरी टिपणं मागायला आला. तिची आई म्हणाली, आत ये, नानला तोंड लाव. तो उंबऱ्याबाहेर उभ्याउभ्याच म्हणाला, नको, भूक नाही, घाईत आहे. आईने दोनदा बोलावलं. पण जिबेकने आतून वह्या आणून त्याच्या हातात ठेवल्या आणि मामला मिटवला. पुढे बटाटे काढायच्या दिवशी मटण भरून भाजलेले सामसे वाटले, तेव्हा तिने त्याचा धरलाच नव्हता. का, तर वहीत होतं: नुरतिलेक, भूक नाही. तो हसला आणि सगळ्यांसमोर तिच्याच आवाजात म्हणाला, "ठराव मंजूर."

मग ऑक्टोबर आला आणि झूरा एजेंची पन्नाशी आली.

एजे म्हणजे शाळेतल्या सगळ्याच बाई, पण नुसतं 'एजे' म्हटलं की नववी ब ला झूरा एजेच. गणित शिकवायच्या दोन्ही तुकड्यांना, पण वर्गशिक्षिका फक्त यांच्या. उंच, सावकाश चालणाऱ्या, डोक्याला कायम निळा रुमाल. रागावल्या तरी पोरांना 'कोकरांनो' म्हणायच्या. त्यांचा मुलगा परदेशी कामाला गेलेला, मुलगी सासरी, घरी त्या एकट्या.

शुक्रवारच्या वर्गसभेत जिबेकने उभं राहून त्यांना तोंडावर विचारलं, की पन्नाशीला तुम्हाला काय आणू. शेवटच्या बाकावरून कुणीतरी कपाळावर हात मारल्याचा आवाज आला. एजे हसल्या. म्हणाल्या, "काही नको गं. या वयात मला काय हवंय? तुम्ही अभ्यास केलात की मला सगळं पोचलं." मग जरा थांबून म्हणाल्या, "रविवारीच येतोय ना तो दिवस? घरी मी एकटी. एवढ्या जणांचे चहाचे वाडगे कोण विसळणार?"

आता आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं, की पहिला नको रिवाजाचा असतो, दुसरा लाजेचा. तिसरा कदाचित खरा असेल, पण त्यानंतरही आग्रह केला तर कुणाचं काही बिघडत नाही. जिबेकला हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण वहीत नको एकदाच लिहितात. तिने एजेंचा शब्द पडत्या फळाची आज्ञा मानला आणि लिहिलं: मुद्दा चौथा. झूरा एजेंना काही नको. वाडग्यांची अडचण. ठरलं: घरी जायचं नाही, भेट आणायची नाही, अभ्यास करायचा. सर्वानुमते.

आइतुरगान, तिची जिवाभावाची मैत्रीण, हळूच म्हणाली की अगं, पण. जिबेकने तिला लाल रेघ दाखवली.

सोमवारी एजे शाळेत आल्या त्या मोठी परात घेऊन, वर कापड झाकलेलं. परात टेबलावर ठेवून म्हणाल्या, "बोरसोक उरलेत. खा." पोरांनी त्या तळलेल्या कणकेच्या गोळ्यांवर झडप घातली. तेवढ्यात दार उघडलं आणि नववी अ आत घुसली. त्यांचा प्रमुख उलान म्हणजे सगळा आनंद. त्याच्याकडे वहीच नाही. लक्षात ठेवायचं ते तळहातावर लिहितो आणि जेवताना धुऊन टाकतो. पण त्याच्यामागे चौघी मुली मखमली चापान धरून उभ्या होत्या. तो भरजरी झगा त्यांनी एजेंच्या खांद्यावर चढवला, टाळ्या झाल्या, गाणं झालं. एजे म्हणत राहिल्या, अरे कशाला, अरे कशाला, आणि चापानचे बंद घट्ट बांधत राहिल्या.

मग खोलीतल्या सगळ्या नजरा नववी ब कडे वळल्या. जिबेक उठली. तिने तयारी केली होती. अठ्ठावीस वह्यांचा गठ्ठा तिने टेबलावर ठेवला आणि सांगितलं, की एजे, तुमच्या इच्छेप्रमाणे प्रत्येकाने वीस गणितं सोडवली आहेत, एकूण पाचशे साठ.

म्हणजे बाईंना पन्नाशीची भेट काय, तर पाचशे साठ गणितं तपासायची. उलानच्या तुकडीतलं कुणीतरी फिसकन हसलं. एजे म्हणाल्या, "छान. खूप छान." मग फडकं घेऊन त्यांनी फळा पुसला. फळा कोराच होता. जिबेकने लिहिलं: एजेंना आवडलं.

दुसऱ्या दिवसापासून एजे कमालीच्या आदराने वागू लागल्या. कोकरं गेली. "जिबेक, आपण जरा खिडकी लावाल का?" "नुरतिलेक, तुम्ही वही आणली आहे का?" चौदा वर्षांच्या पोरांना अहो-जाहो. दोन दिवसांत वर्ग मेल्याहून मेल्यासारखा झाला. ओरडल्या असत्या, छडी आपटली असती तर पोरांनी आनंदाने सोसलं असतं. बुधवारी मधल्या सुट्टीत सगळे जिबेकवर उखडले. तिने वही उघडून 'सर्वानुमते' दाखवलं, तेव्हा तर आगीत तेल पडलं. नवा प्रमुख निवडा, असं आधी कोण म्हणालं कळलं नाही, पण मग सगळेच म्हणाले. तिच्याच कायद्याने ते तिला तिच्याच हाताने लिहावं लागलं: पुढच्या शुक्रवारी, वर्गप्रमुखाची निवड.

ते पद तिचा जीव की प्राण होतं, हे सांगायला हवं. घरात ती पाच भावंडांतली मधली. तिचं कुणी ऐकायचं नाही आणि तिला कुणी विचारायचं नाही. हिरव्या वहीमागे उभी राहिली की सत्तावीस जण गप्प बसायचे. ते आता जाणार होतं.

गुरुवारी वर्ग झाडायची पाळी तिची आणि नुरतिलेकची होती. तो बाकं सरकवत होता. ती वही घेऊन टेबलाशी बसली आणि शेवटी म्हणाली, "माझं चुकलं कुठे ते दाखव. मी सगळं लिहिलंय."

"वाच मग," तो म्हणाला. "मी एजे होतो."

त्याने फळ्याचं फडकं डोक्याला बांधलं, मान जरा तिरकी केली आणि जिबेकच्या अंगावर काटाच आला. समोर झूरा एजे उभ्या होत्या, फक्त मिशा फुटायला लागलेल्या.

तिने वाचलं. तो बोलला, "काही नको गं," आणि त्याचा हात रुमालाच्या गाठीकडे गेला, डोळे भिंतीकडे. मग स्वतःच्या आवाजात त्याने विचारलं, "बोलताना कॅलेंडरकडे बघितलं. ते लिहिलंस?"

"नाही."

"एवढ्या जणांचे वाडगे, म्हणाल्या. किती जणांचे? त्यांनी डोकी मोजली, जिबेक. बोट खाली ठेवून, ओठ हलवत, पहिल्या बाकापासून माझ्यापर्यंत. माझ्यापाशी येऊन अठ्ठावीस झाले. ते?"

"मी लिहिलं, वाडग्यांची अडचण."

"आणि सोमवारची परात?"

तिने पान उलटलं. "उरलेले बोरसोक वाटले. हे बघ, लिहिलंय."

नुरतिलेकने डोक्यावरचं फडकं काढलं. आता तो नक्कल करत नव्हता. "एकट्या बाईचे परातभर बोरसोक उरतात कशाने?"

जिबेक वहीकडे बघत राहिली. रविवारी सकाळपासून एजे कढईपुढे बसल्या असतील. अठ्ठावीस जणांचं तळलं असेल. निळा रुमाल बदलून चांगला बांधला असेल. फाटक वाजलं की उठल्या असतील. आणि त्या दिवशी ती स्वतः घरोघर फिरून गणितं झाली का विचारत होती. दोनदा त्यांच्याच गल्लीतून गेली होती. त्या परातीतले तिने चार बोरसोक खाल्ले होते, चांगले झालेत असंही लिहिलं होतं. तिला इतकी लाज वाटली, की वही वर्गाला ऊब देणाऱ्या कोपऱ्यातल्या चुलीत घालावी असं मनात आलं.

"जाळू नकोस," नुरतिलेक म्हणाला. "निम्मं काम चांगलं केलंयस. समास मोकळाच आहे तुझा. तिथे उरलेलं लिही."

मग पहारेकऱ्याने हाकलेपर्यंत दोघं वही चाळत बसली. ती वाचायची, तो करून दाखवायचा, ती समासात लिहायची. 'आइतुरगान: फुटक्या काचेपाशी थंडी वाजत नाही.' समास: महिनाभर खोकते आहे. 'सेझिम: नाचात भाग नको.' समास: तालमीला रोज दाराशी उभी असते, पाय हलतात. असले नको त्या वहीत नऊ निघाले. जिबेक हसत होती आणि तिला रडूही येत होतं. मधेच 'नुरतिलेक: भूक नाही' आलं. ते पान त्याने जरा जास्तच भरकन उलटलं. तिने ते पाहिलं, पण काही लिहिलं नाही.

रविवारी दुपारी नववी ब झूरा एजेंच्या फाटकात उभी राहिली. अठ्ठावीसच्या अठ्ठावीस, प्रत्येकाच्या हातात रुमालाची पुरचुंडी. एजेंनी दार उघडलं. घरातल्या चपला पायात, हातात केरसुणी.

"अगंबाई, आपण सगळे? मी आत्ता बाजारातच निघाले होते."

जिबेकची बोटं सवयीने पेनासाठी वळवळली. एजे बाजारात निघाल्या होत्या. मुद्दा पहिला, परत फिरायचं. मग तिने केरसुणीकडे बघितलं. केरसुणी घेऊन बाजारात कोण जातं?

"आम्ही आत येतच नाही, एजे," ती म्हणाली. "उभ्याउभ्याच आलोय. लगेच निघतो."

मागे वर्गाचा श्वास अडकला. नुरतिलेकने तिच्या दंडाला चिमटा काढला. ही बया खरंच निघते की काय, असं त्याला वाटलं. पण एजेंनी तिच्याकडे नीट निरखून पाहिलं, बराच वेळ, आणि त्यांच्या ओठांचा कोपरा हलला.

"उंबऱ्यावरून कुणी असं जातं का? नानला तोंड तरी लावा."

"नको एजे, कशाला त्रास."

"घरात काही नाहीच आहे त्रास व्हायला. या."

"नको नको," जिबेक म्हणाली, तोवर अंगणात छप्पन्न बूट निघालेसुद्धा होते.

आत गेल्यावर पुरचुंड्या सुटल्या. प्रत्येकीत एक चहाचा वाडगा होता, ज्याचा त्याच्या घरचा. कुणाचा निळ्या नक्षीचा, कुणाचा कडेला टवका उडालेला. जिबेक म्हणाली, की एजे, वाडगे आम्ही आणलेत आणि विसळणारही आम्हीच. बोट खाली ठेवून, ओठ हलवत, एजेंनी वाडगे मोजले. अठ्ठाविसाव्याला त्या मटकन गादीवर बसल्या आणि निळ्या रुमालाचं टोक डोळ्यांना लावलं. "मेल्यांनो," म्हणाल्या, "कोकरांनो, आधी कळवायचं तरी. मी पीठसुद्धा भिजवलं नाही." मग पीठ सगळ्यांनी मिळून भिजवलं, आणि ते बोरसोक वाकडेतिकडे झाले.

बाहेर पडायच्या वेळी बूट शोधताना जिबेकची नजर नुरतिलेकच्या पायांवर गेली. मोजे कोरे करकरीत, दुकानातल्या चिठ्ठीचा दोरा अजून लोंबत होता. तिला सप्टेंबरातला उंबरा आठवला. तिथे तो उभा होता, एका बुटावर दुसरा बूट ठेवून, आणि काही केल्या बूट काढायला तयार नव्हता. भूक नाही म्हणाला होता. मोजे फाटके होते त्याचे, भूक चांगली होती. ती आपल्या बुटाच्या नाड्या बांधत बसली.

शुक्रवार आला. एजे मागच्या बाकावर बसल्या होत्या. आइतुरगान आता चुलीजवळ बसायची आणि खोकला थांबला होता. तरी जे लिहिलं होतं ते लिहिलं होतं. जिबेकने उभं राहून आजच्या सभेचा चौथा मुद्दा वाचला: वर्गप्रमुखाची निवड. कुणीतरी तिचंच नाव घेतलं. पाच-सात जणांनी माना हलवल्या, कारण रविवारपासून राग निवळला होता. मग सेझिम म्हणाली, नुरतिलेक.

नुरतिलेक उठला. "नको बाबा. मला काय येतंय? माझं अक्षर बघा."

वर्ग हसला आणि जिबेककडे बघू लागला. पेन कागदावर टेकलं होतं. नुरतिलेक: नको. एवढे दोन शब्द लिहिले की मुद्दा संपला. आजवर इथे एक नको पुरत होता, आणि आजही कुणी हरकत घेतली नसती. ती प्रमुख राहिली असती.

पण त्याने केस पाणी लावून विंचरले होते. शर्टाची वरची गुंडी लावली होती, ती त्याने जन्मात लावली नव्हती. त्याचे कान लाल झाले होते आणि नको म्हणूनही तो खाली बसला नव्हता. हे सगळं दिसलं नसतं तर किती बरं झालं असतं, असं जिबेकला अगदी मनापासून वाटलं.

"नुरतिलेक," ती म्हणाली, "अक्षराचं राहू दे. होशील का?"

"नको, खरंच. तू आहेस की."

मागच्या बाकावर एजेंनी श्वास रोखलाय, हे तिला त्यांच्याकडे न बघता कळलं. "तिसऱ्यांदा विचारते."

तो मान खाजवत म्हणाला, "आता एवढं म्हणताय, तर."

हात तिनेच मोजले. सतरा त्याच्या बाजूने, त्यात एक तिचा. आकडा लिहिला, चौकट केली, लाल रेघ मारली. मग तिने वही मिटली आणि शेवटच्या बाकापर्यंत चालत जाऊन त्याच्यापुढे ठेवली.

"वही तूच ठेव," नुरतिलेक म्हणाला. "लिहायला तूच हवीस."

"नको," जिबेक म्हणाली. ते खरं होतं की रिवाजाचं, तिलाही सांगता आलं नसतं. तिला फक्त तिथून लवकर जाऊन बसायचं होतं.

"ठेव ना गं," चुलीपासून आइतुरगान म्हणाली.

"नको."

आता सगळे नव्या प्रमुखाकडे बघायला लागले. त्याने वही उघडली, जीभ बाहेर काढून बराच वेळ काहीतरी खरडलं आणि वही तिच्याकडे कलती केली. कावळ्याच्या पायांच्या अक्षरात होतं: मुद्दा सहावा. जिबेक: नको, नको. समासात होतं: डोळे भरलेत, वही अजून सोडलेली नाही. तिसऱ्यांदा विचारायचं आहे.

जिबेकने खाली बघितलं. तिचा अंगठा खरंच पुठ्ठ्यावर होता. तिने त्याच्या हातातलं पेन घेतलं. मुद्दा पाचवा होता, सहावा नव्हे. तेवढं तिने खोडून नीट केलं आणि वही घेऊन जागेवर जाऊन बसली.